शिवप्रसाद सरांचा अर्धा शब्द

शिवप्रसाद सरांनी वर्गात आजवर एकही वाक्य पुरं केलेलं नव्हतं. घरी करत असतील, बँकेत करत असतील, पण फळ्यापुढं उभे राहिले की नाही. वाक्याचा शेवट जवळ आला की सर हनुवटी वर करणार, भुवया कपाळावर चढवणार, एसटीतला कंडक्टर सुटे मागतो तसा उजवा हात पुढं करणार, आणि थांबणार.

"आम्ल निळा लिटमस करतं तां..."

मग आम्ही, सगळी नववी ब, एका सुरात: "...बडा."

"ध्वनीला प्रवासाला माध्यम ला..."

"...गतं."

झालं शिकवणं. सर खूश, आम्ही मोकळे. अर्धा शब्द त्यांचा, अर्धा आमचा, आणि मधल्या जागेत डोकं वापरायची कुणालाच गरज न्हाय. मी पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं की या तासाला पुस्तक उघडायचं कामच पडत नाही. सर 'प्रकाशसंश्ले' म्हणाले की आपल्या तोंडातून 'षण' आपोआप पडतं, शिंक पडावी तसं.

पण आमच्या मुरुम गावात सरांचं नाव लई मोठं. का, तर आमची शाळा रस्त्याला लागून. बाजाराला जाणारी माणसं खिडकीखालून जाताना ऐकतात, आतून पोरं नुसती गर्जायलीत. मग ती माणसं एकमेकांना सांगतात, विज्ञानाचा मास्तर बघा, वर्ग कसा जागा ठेवलाय. पोळ्याला बैलांच्या गळ्यातली घुंगरंबी अशीच वाजतात, पण त्यांना कुणी हुशार म्हणत नाही.

सरांचा आवाज काढायला सोपा आहे. तो नाकातून निघतो आणि वाक्याच्या शेवटी घशात पडतो. अवघड भाग आला की आधी दोनदा खाकरायचं, मग "तर मग काय झालं, बरं का" म्हणायचं. डाव्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळं सदऱ्याची ती बाजू कायम पांढरी. मी नक्कल करायला लागले की पोरी आधी माझ्या डाव्या खिशाकडं बघतात, एवढं ते पक्कं बसलंय. देवश्रीनं सर काढला की खरा सर खोटा वाटतो, असं आमच्या वर्गात म्हणतात. त्यात माझं कौतुक कमी आणि सरांचा अपमान जास्त आहे, आणि मला तो तसाच आवडतो.

सर राहायचे आमच्या समोरच, शांताक्काच्या खोलीत भाड्यानं. बायको प्रतीक्षाताई धाराशिवला कोर्टात कारकून, लहानगा यज्ञेश तिच्याजवळ. सर शनिवारचे जाणार, सोमवारी पहाटेच्या गाडीनं येणार. शनिवारी शाळा सकाळची, पण सरांची बॅग शुक्रवारपासूनच टेबलाखाली. शेवटच्या तासाला शिकवताना एक पाय त्या बॅगेला लावून ठेवायचे, कुणी पळवून नेईल म्हणून. घंटा व्हायच्या आत 'गुरुत्वाक' म्हणून ते जे निघायचे, ते आमचं 'र्षण' त्यांना पार फाटकापाशी ऐकू जात असणार.

एकदा संध्याकाळी ते अंगणात फोनवर बोलत होते आणि मी आमच्या ओट्यावर भाजी निवडत होते. बोलणं संपलं तसं शांताक्कानं विचारलं, पोरगं काय म्हणतंय. सर म्हणाले, मला काका म्हणला. शांताक्का हसली नाही. मी हसले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेबी करून दाखवलं, 'काका' म्हणताना फोन कानापासून कसा लांब धरला त्यासकट. लई गाजलं.

तर असा हा माणूस. आता त्याला वाढवायचं ठरलं.

म्हणजे झालं असं की सरांना आणि तालुक्यातल्या सगळ्या विज्ञानाच्या मास्तरांना प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं कुणीतरी तज्ज्ञ आले होते आणि त्यांनी सांगितलं की शिक्षकानं वाढलं पाहिजे. कसं वाढायचं, तर तीन गोष्टी: चिंतन, संशोधन आणि अभिप्राय. सर परत आले ते हे तीन शब्द नवा सदरा घालून यावा तसे घालून आले. तास सुरू व्हायच्या आधी तीन बोटं वर. "शिक्षकानं स्वतः वाढलं पाहि..."

"...जे."

शांताक्काला त्यांनी हेच अंगणात समजावून सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, वाढा की मास्तर, पोटाकडनं तर सुरुवात झालीच आहे.

चिंतन म्हणजे काय ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पाठ संपला की सर खिडकीपाशी जाऊन हात मागं बांधून चिंचेकडं बघत उभे राहायचे. आम्ही गप बसायचं. सर चिंतन करायले, हे मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना ढोसून सांगायची. चिंचेवर एक होला पक्षी बसायचा. तोबी बहुतेक चिंतनच करत असणार, कारण दोघांच्या तोंडावर भाव सारखाच.

अभिप्राय त्याहून सोपा. चिंतन झालं की सर वळायचे आणि हात पुढं करायचे.

"आजचा पाठ चांगला सम..."

"...जला."

"सर शिकवतात छा..."

"...न."

आणि संशोधन म्हणजे हे सगळं टक्क्यांत मांडणं. किती मुलांना समजला, शंभर टक्के. किती मुलांचा प्रतिसाद, शंभर टक्के. या अर्ध्या शब्दाच्या प्रकाराला सरांनी नावबी दिलं, 'पूरक प्रतिसाद पद्धती'. नाव ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बावळट नसून धाडसी आहे. वीस वर्षं जी सवय मोडता आली नाही, तिला त्यानं पद्धती केलं.

मुख्याध्यापिका प्रमोदिनी मॅडम तर हवेतच गेल्या. मॅडमचं बोलणं असं की प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा' नं सुरू होणार आणि बघण्यासारखं त्यात काही नसणार. म्हणजे बघा, यंदाची तालुक्याची शिक्षण परिषद आपल्याच शाळेत आहे. म्हणजे बघा, सर सगळ्यांसमोर आपल्या वर्गावर पाठ घेणार आहेत. म्हणजे बघा, ज्यांचा पाठ आवडेल ते जिल्ह्याच्या प्रशिक्षण गटात जाणार.

त्या शेवटच्या 'बघा' पाशी सगळी गोम होती. प्रशिक्षण गट धाराशिवला. एकदा त्यात गेलं की वर्ग नाही, फळा नाही, नववी ब नाही. दुसऱ्या मास्तरांना कसं शिकवावं ते सांगायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन झोपायचं, यज्ञेशनं बाप म्हणून ओळखावं इतपत रोज. मला हे लई मजेशीर वाटलं. शिकवण्यात वाढायचं म्हणजे शिकवण्यातून सुटायचं. सगळे मास्तर कशाला एवढे वाढायला धडपडतात ते मला त्या दिवशी समजलं. सरांनी हे लपवलंही नव्हतं. शांताक्काला सांगून टाकलं होतं की ही निवड झाली तर खोली सोडतो.

परिषद आठवड्यावर आली होती आणि फ्लेक्स छापायला गेला होता, तेव्हाची गोष्ट. तास चालू असताना मॅडमनी सरांना बोलावणं पाठवलं. सर "तर मग काय झालं, बरं का, आलोच" म्हणून गेले. मास्तर नसलेला वर्ग आणि समोर मोकळा फळा म्हणजे माझ्यासाठी जत्राच. मी उठले. डाव्या खिशात खडू टाकला, दोनदा खाकरले, हनुवटी वर केली.

"पाणी शंभर अंशाला उक..."

"...ळतं." हसत हसत, पण सगळे.

"प्रकाश सरळ रेषेत प्रवास क..."

"...रतो."

इथपर्यंत नेहमीचंच. मग मला गंमत सुचली. आवाज तोच ठेवला, हात तसाच पुढं.

"सूर्य पृथ्वीभोवती गोल फि..."

"...रतो."

कुणी थांबलं न्हाय. एकानंबी. श्रेयस पहिल्या बाकावर बसतो, स्कॉलरशिपला तालुक्यात पहिला आला होता, त्याचा 'रतो' सगळ्यात ठणठणीत. मग मी सुटलेच. बर्फ तापवलं की आणखी गोठ... तं. ध्वनी निर्वात पोकळीतून जोरात प... ळतो. मेंढरांनाबी कधी कधी वाटेत गवत दिसलं तर ती थांबतात. यांना काही दिसतच नव्हतं.

"आणि आपले शिवप्रसाद सर आहेत बिनडो..."

"...क."

हे मात्र म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. हसू फुटलं, बाकं वाजली, आणि मग पुढच्या बाकांपासून मागच्या बाकांपर्यंत एकेक करून सगळे गप होत गेले. मी दाराकडं बघितलं. सर उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

मी मार खायची तयारी केली. सर आत आले, टेबलाला टेकले. 'बिनडोक' ऐकलंच नसावं असा चेहरा.

"ते आधीचं म्हण," सर म्हणाले. "सूर्याचं."

मी खाली बघून, माझ्या आवाजात, कसंबसं म्हणलं.

"असं नको. माझ्या आवाजात म्हण."

आता काय करणार. खाकरले. हनुवटी वर केली. "सूर्य पृथ्वीभोवती गोल फि..."

"...रतो," वर्ग म्हणाला. घाबरून म्हणाला, दबक्या आवाजात म्हणाला, पण म्हणाला. खरे सर शेजारी उभे असताना.

सरांनी श्रेयसला उभं केलं. "सूर्य फिरतो?"

"न्हाय सर. पृथ्वी फिरते."

"मग आत्ता काय म्हणलास?"

"तुम्ही म्हणला म्हणून, सर."

"मी कुठं म्हणलो? ही म्हणली."

श्रेयसनं माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. "आवाज तुमचा होता," तो म्हणाला.

सर खुर्चीत बसले. त्या तासाला पुढं काही शिकवलं नाही. खिडकीपाशीसुद्धा गेले नाहीत. माझं मत विचाराल तर त्या माणसानं खरं चिंतन तेवढ्या वेळातच केलं असेल, आणि ते बघायला मुळीच छान नव्हतं. तोंड उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला बोलावणं आलं. मला वाटलं, आता पालकांना बोलावतील. पण सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते, आणि मला म्हणाले की मी शिकवतो तसं करून दाखव. मी म्हणलं, कशासाठी. ते म्हणाले, मी नेमकं कुठं थांबतो ते बघायचंय.

शेहेचाळीस वर्षांचा माणूस. वीस वर्षं रोज बोलतोय. स्वतः कुठं थांबतो ते माहीत न्हाय, आणि विचारतोय नववीतल्या पोरीला. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मी काही हातचं राखलं नाही. हनुवटी, भुवया, कंडक्टरचा हात, नाकातला आवाज, सगळं दाखवलं. मग सांगितलं, सर, तुम्ही तिथंच थांबता जिथं पुढं दुसरं काही येऊच शकत नाही. 'लिटमस करतं' म्हणून थांबलात तर पोरांना विचार करावा लागंल. तुम्ही 'तां' पर्यंत नेऊन ठेवता. पुढं 'बडा' सोडून काय येणार, 'ब्या'?

सर म्हणाले, परत एकदा कर. मी केलं. परत म्हणाले. मी सात-आठ धडे करून दाखवले. ते माझ्याकडं असं बघत होते, डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतात तसं. शेवटी एवढंच म्हणाले की हात मी पुढं करतो हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर वर्गात जो तमाशा सुरू झाला तो बघून मला हसावं का झोपावं कळेना. सर उजवा हात खिशात कोंबून शिकवायला लागले. वाक्य शेवटाला आलं की खिशातल्या खिशात हात धडपडायचा, पोत्यातल्या मांजरासारखा. पुरं वाक्य बोलताना त्यांना धाप लागायची. मग प्रश्न विचारायचे, धड प्रश्न, आणि थांबायचे. वर्गात सगळी एकमेकांच्या तोंडाकडं. प्रश्नाला एवढी मोठी जागा सोडलेली आम्ही कधी बघितलीच नव्हती, तिच्यात काय ठेवायचं ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी सरांनाच राहवायचं नाही. "आम्लारी लाल लिटमस करतं नि..." झालं, हात खिशातून बाहेर. "...ळा." सर कपाळ बडवून घ्यायचे.

सर मॅडमकडं गेले आणि म्हणाले की माझं संशोधन चुकलंय, मला परिषदेत दुसरं काही मांडायचंय. मी तेव्हा ऑफिसात हजेरी ठेवायला गेले होते, त्यामुळं मॅडम मला जशाच्या तशा मिळाल्या. म्हणजे बघा सर, फ्लेक्स छापून आलाय. त्यावर शंभर टक्के लिहिलंय. तुमचा फोटो आहे, माझा फोटो आहे, गटशिक्षणाधिकारी साहेबांचा सगळ्यात मोठा आहे. आणि मग मॅडम जे बोलल्या ते मी पुढं कितीदा तरी करून दाखवलंय:

"सर, चिंतन नंतर करा. आधी निवड होऊ द्या."

त्या संध्याकाळी सर अंगणात बसून होते. मी आमच्या ओट्यावर. ऐकायचं ठरवून बसले होते, त्यात लपवायचं काय. सरांनी शांताक्काला सगळं सांगितलं. तिला आम्ल कळत नाही आणि लिटमस कळत नाही, पण मधेच तिनं विचारलं, "आणि खरं सांगितलं तर काय देतात, मास्तर?"

"काही न्हाय."

"खोटं सांगितलं तर?"

"धाराशिव."

"मग इचार कशाचा करायलाव?" शांताक्का म्हणाली आणि गाईला पाणी ठेवायला निघून गेली.

मला खात्री होती. सर फ्लेक्सखाली उभे राहतील, हात बाहेर काढतील, आम्ही गर्जू, साहेब टाळ्या देतील, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या विज्ञानाला कुणीतरी बदलीवर येईल. मी श्रेयसशी पैजसुद्धा मारली, भजीच्या प्लेटवर.

परिषदेच्या दिवशी हॉलमध्ये तालुक्यातले सगळे विज्ञान मास्तर जमले. मास्तर लोक श्रोते झाले की कसे वागतात हे एकदा बघण्यासारखं असतं. आमच्यापैकी कुणी बाकाखाली फोन धरला तर पट्टी, आणि इथं पाठीमागच्या तीन रांगा नुसत्या खाली माना घालून. दोघं शेंगा सोलत होते. एकजण झोपला होता आणि झोपेतबी टाळ्यांच्या वेळी टाळ्या देत होता.

पुढं सोफ्यावर वसंतराव साहेब. साहेबांचं प्रत्येक वाक्य 'वस्तुस्थिती अशी आहे की' नं सुरू होतं, आवाज ढोलीतून आल्यासारखा. शाल घेतली, नारळ घेतला, आणि वस्तुस्थिती अशी आहे की शिक्षक हा आजन्म विद्यार्थी असतो असं सांगून खाली बसले. मग एका मास्तरांनी पचनसंस्थेचं गाणं म्हणून दाखवलं. कपाळाला पुठ्ठ्याचं जठर बांधून. लई टाळ्या पडल्या.

मग आम्हाला पुढं सतरंजीवर बसवलं. आमच्या पाठीमागं साहेब, त्यांच्या पाठीमागं सगळे मास्तर, समोर सर. तोंड आमच्याकडं म्हणजे त्यांच्याकडंबी. सकाळीच सरांनी आम्हाला वर्गात एवढंच सांगितलं होतं: मी वाक्य अर्धं सोडीन. खरं असंल तर पुरं करा. खोटं असंल तर तोंड उघडू नका. कळ... आणि तिथं थांबले, आणि आम्हाला कळेना की 'लं' म्हणायचं का न्हाय. निम्म्यांनी म्हणलं.

श्रेयसनं माझ्या कानात सांगितलं की भजी गेली तुझी. मी म्हणलं, बघू.

सरांनी खिशातून हात काढला. पाणी शंभर अंशाला उक... ळतं. हॉल दणाणला. प्रकाश सरळ रेषेत प्रवास क... रतो. पाठीमागून एकेक मास्तरबी आमच्यात मिसळायला लागला. त्यांचं काय चुकलं, त्यांचीबी सगळी हयात याच सुरात गेलेली. हात पुढं आलेला दिसला, भुवया वर गेलेल्या दिसल्या, की त्यांच्या तोंडातूनबी शिंक पडणारच. ध्वनीला माध्यम ला... गतं. आता तर साहेबसुद्धा. ढोलीतून.

सर खाकरले. दोनदा.

"सूर्य पृथ्वीभोवती गोल फि..."

मी ओठ दाताखाली धरला. शेजारी श्रेयसनं तोंडावर हात दाबला, डोळे बाहेर आले होते त्याचे. सबंध नववी ब, जन्मात पहिल्यांदा, गप्प. आणि आमच्या डोक्यावरून, पाठीमागून, अख्ख्या तालुक्याच्या विज्ञानाचा एक भरदार आवाज आला.

"...रतो."

सगळ्यात वरचा साहेबांचा.

मग आमच्यातली एक पोरगी फिसकन हसली, आणि मग न हसणं कुणाच्या हातात राहिलं न्हाय. मी वळून बघितलं. शेंगावाले दोघं एकमेकांकडं बघत होते. जठरवाल्या मास्तरांचं जठर एका कानावर आलं होतं. साहेब नारळाकडं बघत होते.

"वस्तुस्थिती अशी आहे," साहेब म्हणाले, "की मी मुलांना मदत करत होतो."

आता इथं थोडी अक्कल असलेला माणूस काय करंल? हसून घेईल. साहेबांनी मुद्दाम चूक करून मुलांची परीक्षा घेतली म्हणंल. साहेब वाचतील, सर वाचतील, धाराशिवची गाडी लागंल. मला चौदाव्या वर्षी जे सुचलं ते सरांना सुचायला काय हरकत होती. पण सरांचा चेहरा मी बघत होते. त्यांना कुणाची फजिती करायचीच नव्हती. पोरं गप राहिली एवढंच त्यांना दाखवायचं होतं. पाठीमागून आवाज येईल हे त्या भोळ्या माणसाच्या स्वप्नातबी नव्हतं. ते साहेबांना धीर द्यायला लागले.

"मलाबी असंच झालं होतं, साहेब," ते म्हणाले.

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

आणि मग सर बोलत राहिले. नाकातून नाही, घशातून नाही, कसल्यातरी तिसऱ्याच आवाजात, जो माझ्याकडं नव्हता. फ्लेक्सकडं बोट करून म्हणाले, "ते शंभर टक्के खोटं आहे. तो माझाच आवाज परत आलाय, साहेब. पोरांचा त्यात काही न्हाय." मग हे मला कुणी दाखवलं ते सांगितलं. एका मुलीनं माझी नक्कल केली म्हणाले, त्यात माझ्याच आवाजात मला बिनडोक म्हणवून घेतलं, आणि ते एक सोडलं तर त्याआधीचं सगळं खोटं होतं. मास्तर हसले. नाव सांगितलं नाही, तेवढं बरं केलं.

वाक्यं सगळी पुरी केली. एकदाबी थांबले नाहीत. कुणाला मधे काही म्हणायला जागाच मिळाली नाही, म्हणून मास्तरांना ते शिकवणं वाटलंच नसावं. टाळ्या पडल्या त्या फक्त त्या झोपलेल्या मास्तरांच्या.

निवड जठराची झाली. वस्तुस्थिती अशी आहे की मुलांना आनंद मिळाला पाहिजे, असं साहेब म्हणाले. जठरवाले मास्तर आता धाराशिवला असतात आणि मास्तरांना कसं वाढायचं ते शिकवतात. फ्लेक्स मॅडमनी उतरवून घेतला आणि उलटा करून सायकल स्टँडवर बांधला. ऊन लागत नाही आता सायकलींना. मी श्रेयसला भजी चारली. त्यानं मिरच्या माझ्यासाठी ठेवल्या, नालायकानं.

सर शांताक्काच्याच खोलीत आहेत. शनिवारी जातात, सोमवारी येतात. शांताक्का म्हणते की भाडेकरू टिकला, चांगलं झालं. असं म्हणाली त्याच दिवशी मात्र तिनं त्यांना न मागता ताक नेऊन दिलं.

आणि वर्गाचं तर पार वाटोळं झालंय. आता सर प्रश्न विचारतात आणि खरंच थांबतात. हात खिशात ठेवायचीबी गरज पडत नाही, तो बाजूला लोंबत असतो. परवा विचारलं की पृथ्वी फिरते हे तुम्हाला कसं कळलं. श्रेयस म्हणाला, पुस्तकात आहे. सर म्हणाले, आणि पुस्तकात सूर्य फिरतो असं असतं तर? श्रेयस पुस्तकाची पानं उलटायला लागला. मग सर म्हणाले, मलाबी नीट सांगता येत न्हाय, बघू या आपण, आणि आम्हाला मैदानात काठी रोवून सावली बघायला लावली. भर उन्हात. एका सावलीपायी माझी मान काळी पडली, आणि शेवटी कळलं काय, तर नुसत्या सावलीवरून ते ठरतच नाही. सर खूश. उत्तर मिळालं नाही म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मला मात्र त्यांनी पुरतं बुडवलंय. गॅदरिंगला पोरांनी ओरडा केला, देवश्री, शिवप्रसाद सर कर. स्टेजवर गेले. हनुवटी वर केली, तर कुणी हसलं नाही. ते सर आता नाहीतच, जुनं नाणं कोण घेणार. मग मी विचार केला की आताचे करावेत. सरळ उभी राहिले. हात बाजूला सोडला. प्रश्न विचारला, सरांनी त्या काठीपाशी विचारलेलाच, की अंधारात सावली कुठं जाते, आणि गप्प राहिले. त्यांच्यासारखी. काही न करता.

हसणार कसे? करण्यासारखं काही होतंच कुठं? सगळे माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. लई वेळ गेला. खाली उतरावं असं मनात आलं.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी हळूच उत्तर द्यायला लागलं.